कॉकपिटमधलं 'काहून?'

मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांवर पट्टी ठेवून नकाशावर सरळ रेघ ओढली, तर लोणार त्या रेघेच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर पडतं. हवा स्वच्छ असली तर नागपूरकडे निघालेल्या विमानाच्या उजव्या खिडकीतून बेसॉल्टमध्ये खोदल्यासारखी दिसणारी तिथल्या विवराची पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीची वाटी ओळखू येण्यासारखी आहे. खालून वर पाहणाऱ्याला विमान म्हणजे मात्र एक पांढरी रेघ, आणि रेघेच्या मागून उशिरा येणारा आवाज. विमानात बसायचं तर आधी छत्रपती संभाजीनगरचा लांबचा रस्ता धरावा लागतो. अशा तालुक्याच्या गावाचं नाव घेऊन परदेशी विमान कंपनीत वैमानिक होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या मुलाखतीबद्दल लिहिणं म्हणजे अंगणात पाऊस नाही आणि समुद्राच्या भरतीच्या गप्पा, असं कुणी म्हणेल. तरी लिहायचं ते एवढ्यासाठी, की या मुलाखतीत जे तपासलं जातं त्याचा महागडा भाग लोणारच्या मुलाला विकत घ्यावा लागतो. पण ज्यावर निवड ठरते तो भाग त्याच्याकडे लहानपणापासून असतो, आणि तो आपणच, घर आणि शाळा मिळून, दहावीच्या आत त्याच्याकडून काढून घेतो.

आधी महागडा भाग. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, आपल्याकडे दोनशे तासांचं उड्डाण लागतं. नागपूर फ्लाइंग क्लब, गोंदियाजवळच्या बिरसीची संस्था, बारामती, धुळे अशी प्रशिक्षणाची ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. पण तासागणिक इंधन जळतं, आणि एअरबस किंवा बोइंगचं एक विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, धरलं तर एकूण खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. इथे बुलडाण्याच्या शेतकरी कुटुंबाचा हिशोब संपतो. त्यावर थोडाफार उतारा म्हणून नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधल्या प्रशिक्षणाची योजना आणली, ही मोठी गोष्ट आहे. पण सीपीएल हातात आला म्हणजे परदेशी कंपनीचं दार उघडलं, असं होत नाही. पंधराशे तास झाल्याशिवाय एटीपीएल, म्हणजे विमान वाहतूक वैमानिक परवाना, मिळत नाही, आणि आखातातल्या किंवा आग्नेय आशियातल्या मोठ्या कंपन्यांना बहुधा देशी कंपनीत काही वर्षं जेट उडवलेला फर्स्ट ऑफिसर किंवा कॅप्टन हवा असतो. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत येणारा प्रत्येक उमेदवार तासांच्या बाबतीत आधीच पास झालेला असतो. सगळ्यांची लॉगबुकं जाड असतात. मग निवड कशावर होते?

निवडीची पद्धत कंपनीगणिक थोडी बदलते, तरी सांगाडा सारखाच आहे. आधी संगणकावरच्या चाचण्या: स्मरण, हात-डोळ्यांचा मेळ, एकाच वेळी दोन-तीन कामं सांभाळणं. मग चार-सहा अनोळखी उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून एखादी अडचण सोडवायला देतात, आणि बाजूला बसलेले परीक्षक उत्तराकडे फारसं लक्ष न देता कोण ऐकतो, कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतो, कोण गप्प बसतो ते टिपतात. मग सिम्युलेटर. तिथे इंजिन बंद पाडतात, स्वयंचलित यंत्रणा काढून घेतात. पण लँडिंग लोण्यासारखं झालं की नाही यापेक्षा शेजारच्या सीटवरच्या माणसाला काम कसं वाटून दिलं, चूक झाल्यावर ती बोलून दाखवली का, हे पाहिलं जातं. शेवटी समोरासमोरची मुलाखत. तीत तांत्रिक प्रश्न असतातच, पण ज्यावर माणसं अडखळतात ते प्रश्न दिसायला साधे असतात. कॅप्टनशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत? तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. नियम मोडायला सांगितलं गेलं असा प्रसंग आला होता का? आणि उत्तर दिल्यावर परीक्षक पुढे विचारतो: तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत? त्यावर ते काय म्हणाले? मग?

हे प्रश्न कुणा मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांच्यामागे अपघातांचा इतिहास आहे. १९७७ च्या मार्चमध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं मेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका ज्येष्ठ कॅप्टनने विमान सोडलं, आणि कॉकपिटमधल्या दुसऱ्या माणसाने काढलेली शंका तिथल्या तिथे झटकली गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधनाची काळजी खालच्या माणसांनी बोलून दाखवली होती, पण दबक्या आवाजात. या अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने बोलावलेल्या बैठकीतून आज ज्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात ते शास्त्र उभं राहिलं. त्याचं सार मराठीत एका ओळीत सांगता येतं: विमानात चूक दिसलेल्या माणसाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे.

आपल्या देशातला पुरावा याहून जवळचा आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण मेले, आठ वाचले. दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेला परदेशी कॅप्टन प्रवासात दीड तासापेक्षा जास्त वेळ झोपलेला होता, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून चौकशीत निघालं. विमान फार उंच, फार वेगात येत होतं. भारतीय फर्स्ट ऑफिसरने परत वर चला, गो-अराउंड, असं तीनदा म्हटलं. कॅप्टन उतरत राहिला. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी, त्याच कंपनीचं विमान कोळिकोडच्या धावपट्टीवरून तसंच पुढे गेलं. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण गेले. चौकशी अहवालाने पुन्हा तेच नोंदवलं: गो-अराउंडची सूचना उजव्या सीटवरून, म्हणजे फर्स्ट ऑफिसरकडून, आली होती, ती मानली गेली नाही, आणि सूचना देणाऱ्याने नियंत्रण आपल्या हाती घेतलं नाही. गेलेल्या माणसांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. उजव्या सीटवरचा माणूस दोन्ही वेळा बरोबर होता, आणि त्याच्या बरोबर असण्याचा विमानाला उपयोग झाला नाही, एवढंच यातून घ्यायचं आहे. परदेशी कंपनीचा परीक्षक 'नेमके कोणते शब्द वापरलेत?' असं विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात अशी ध्वनिमुद्रणं वाजत असतात.

आता लोणारकडे. वऱ्हाडी बोलीत 'का' या प्रश्नाला स्वतःचा एक शब्द आहे: काहून. या भागातलं पोर बोलायला लागलं की दिवसातून पन्नास वेळा तो शब्द उच्चारतं. काहून जायचं, काहून नाही, त्यानं काहून मारलं. सातवी-आठवीपर्यंत तो दोन कारणांनी गळून पडतो. एक म्हणजे तो 'गावंढळ' ठरतो, आणि दुसरं म्हणजे मोठ्या माणसाला काहून विचारणं हे उलट बोलणं ठरतं. गुरुजींनी फळ्यावर गणित चुकवलं तर वही गुपचूप दुरुस्त करायची, बोलायचं नाही, हे प्रत्येक हुशार मुलाला न शिकवता कळतं. मुलींचं तर त्याहून लवकर गळतं. (कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कोलकाता–सिलचर मार्गावर इंडियन एअरलाइन्सचं पूर्ण महिला कर्मचाऱ्यांचं विमान नेलं, हे आपण अभिमानाने सांगतो, त्यांच्यासारखं होण्यासाठी घरात किती वेळा उलट बोलावं लागतं ते मुलीला सांगत नाही.) पुढे हेच मूल फर्स्ट ऑफिसर होतं तेव्हा त्याच्या तोंडी वाक्य येतं ते असं: 'सर, स्पीड जरा जास्त वाटतोय का?' मराठी माणसाला हे वाक्य सभ्य वाटेल. कॉकपिटमध्ये ते निरुपयोगी आहे, कारण त्यात आकडा नाही, उपाय नाही, आणि जबाबदारी शेवटी प्रश्नचिन्हावर टांगलेली आहे. प्रशिक्षणात शिकवतात ते चढत्या पायऱ्यांनी: आधी विचारा, मग धोका सांगा, मग थेट अडवा, आणि तरीही ऐकलं नाही तर नियंत्रण घ्या. 'वीस नॉट जास्त आहे. गो-अराउंड.' यात कॅप्टनचा अपमान कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो इंग्रजीचा. लोणारच्या मराठी शाळेतल्या मुलाचं इंग्रजी कच्चं, म्हणून तो पडतो; बाकी सगळं तत्त्वज्ञान. इंग्रजी लागतं, यात वाद नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मेले, आणि कझाक चालक दलाला नियंत्रकाच्या इंग्रजी सूचना नीट न समजणं हा त्या चौकशीतला मोठा मुद्दा होता. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयसीएओने, वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. चौथी पातळी किमान, आणि चौथीवर असलात तर दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. पण त्या पातळ्यांची मोजपट्टी काय आहे ते पाहण्यासारखं आहे: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. उच्चारावर मातृभाषेची छाप चौथ्या पातळीला चालते, फक्त समजण्यात अडथळा येता कामा नये. आणि संवादात, समजलं नाही तर विचारून खात्री करून घेणं, हे कौशल्य म्हणून मोजलं जातं. म्हणजे जिथे आपण इंग्रजीची परीक्षा म्हणतो तिथेही 'पुन्हा सांगा' म्हणण्याची हिंमत तपासली जाते. वऱ्हाडी वळणाचं इंग्रजी बोलणारा पण न कळलेलं विचारणारा उमेदवार, पुण्या-मुंबईच्या सफाईदार इंग्रजीत चुकीला होकार देणाऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. हा आपला संस्कार आहे, थोरांचा मान राखणं ही काही खोड नव्हे, आणि संस्कृती अशी बदलता येत नाही. याला उत्तर म्हणून कोरियाकडे पाहावं लागतं, कारण वयाचा आणि हुद्द्याचा मान भाषेच्या क्रियापदांत मुरवलेला समाज म्हणून कोरिया आपल्या पुढेच असेल. १९९७ मध्ये कोरियन एअरचं विमान गुआममध्ये कोसळून २२८ जण मेले. १९९९ मध्ये लंडनजवळ स्टॅनस्टेडहून उडालेलं त्याच कंपनीचं मालवाहू विमान कॅप्टनच्या बिघडलेल्या उपकरणामुळे आडवं होत जाऊन कोसळलं, फ्लाइट इंजिनिअर तिरकेपणाचा इशारा देत राहिला, आणि योग्य उपकरण समोर असलेला फर्स्ट ऑफिसर बोलला नाही. मग कंपनीने अमेरिकेतल्या डेल्टामधून माणूस आणून उड्डाण विभाग त्याच्याकडे दिला, कॉकपिटमधली भाषा आणि पदोन्नतीची रीत बदलली. त्यानंतर त्या कंपनीच्या विमान अपघातात प्रवासी दगावल्याची नोंद नाही. कोरियन लोक घरी आजही वडिलांसमोर वाकतात. मान राखणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, हे त्यांनी एका दशकात दाखवलं. आपल्या शाळेत शंका विचारणारा उद्धट का ठरतो, याचं उत्तर परंपरेत शोधून सापडणार नाही.

तिसरं म्हणणं व्यवहारी लोकांचं: हे सगळं क्लासमध्ये शिकता येतं. खरंच, वैमानिकांच्या मुलाखतीची तयारी करून घेण्याचा धंदा जोरात आहे. प्रश्नांच्या याद्या फिरतात, परिस्थिती-काम-कृती-परिणाम अशा साच्यात उत्तरं पाठ करून घेतली जातात. त्याचा थोडा उपयोग होतोही, विचारांना क्रम येतो. पण पाठ उत्तराला दुसरा प्रश्न सहन होत नाही. 'कॅप्टनला मी अत्यंत विनम्रतेने पटवून दिलं' असं म्हटल्यावर 'आणि पटलं नसतं तर?' एवढं विचारलं की पाठांतर उघडं पडतं. उसन्या प्रसंगांचा दुसरा धोका मोठा आहे. ज्या उद्योगात २०११ मध्ये भारतात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं निघाली, आणि २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्याने २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचं संसदेत सांगितल्यावर युरोपने त्यांच्या राष्ट्रीय कंपनीला दार बंद केलं, त्या उद्योगात लॉगबुकातला एक खोटा तास किंवा मुलाखतीतली एक रचलेली गोष्ट क्षुल्लक धरली जात नाही. 'मला हे माहीत नाही, मॅन्युअलमध्ये पाहून सांगेन' हे उत्तर चालतं. ठोकून दिलेलं चालत नाही.

लोणारच्या मुलाला या उत्तराचा नमुना शोधायला लांब जायला नको. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, आणि पुढे कितीतरी काळ मोठमोठे भूगर्भतज्ज्ञ ते ज्वालामुखीचं म्हणत राहिले. भोवती सगळा लाव्ह्याचा खडक, मग खड्डाही त्याचाच, असा तो साधा तर्क. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय आणि अमेरिकी सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये निबंध लिहून दाखवलं, की इथल्या खडकात प्रचंड आघातानेच बनणारी काच आहे, मॅस्केलिनाइट. ज्येष्ठांचं मत पुराव्यापुढे मागे पडलं आणि कुणाचा अपमान झाला नाही. वयाचा वाद तर अजून मिटलेला नाही: एका पद्धतीने विवर बावन्न हजार वर्षांचं निघतं, २०११ मधल्या आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांचं. पाठ्यपुस्तकात एक आकडा छापून मोकळं होणं सोपं आहे. दोन आकडे, दोन पद्धती आणि त्यांतली अडचण वर्गापुढे मांडणं हा कॉकपिटच्या मुलाखतीचा पहिला धडा आहे, आणि त्याला शुल्क नाही.

राहिला देशभक्तीचा आक्षेप: एवढा खटाटोप करून मुलं परदेशी कंपन्यांना का द्यायची? एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदवली; वैमानिक इथेच लागणार आहेत. सरकारला ही गळती बोचते. २०१७ पासून कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची पूर्वसूचना सक्तीची आहे, आणि २०२५ मध्ये भारताने आयसीएओपुढे अशा भरतीसाठी आचारसंहिता असावी अशी मागणीही मांडली. पण गळतीची कारणं इथलीच आहेत. २०१२ मध्ये किंगफिशर, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर काही वर्षांनी एक कंपनी बसते आणि हप्ते चालू असलेले वैमानिक रस्त्यावर येतात. आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस करणारे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली. वैमानिक किती ताणून वापरले जात होते याचा तो जाहीर कबुलीजबाब होता. परदेशातही सगळं सोनं नाही, करोनाच्या वर्षात आखाती आणि हाँगकाँगच्या कंपन्यांनी वैमानिकांना घरी पाठवलं, आणि परक्या देशात नोकरी गेली की व्हिसाही जातो. शिवाय निवडीत पासपोर्ट, ओळखी, त्या वर्षीची विमानांची गरज हेही चालतंच. मुलाखत ही न्यायाची तराजू आहे असा माझा दावा नाही. पण नोटीस लांबवून माणूस वर्षभर धरून ठेवता येतो, मनाने ठेवता येत नाही. आणि ज्या गुणाची परदेशी कंपनी मुलाखतीत किंमत करते, त्याची गरज मंगळूर आणि कोळिकोडच्या धावपट्ट्यांवर आपल्यालाच जास्त होती. तो गुण घेऊन मुलगा दोहाला गेला काय नि इंडिगोत राहिला काय, उजवी सीट शहाणी होते.

म्हणून पैसे देणाऱ्यांना एक विनंती. महाज्योतीसारखी सरकारी योजना असो, बँकेचं शैक्षणिक कर्ज असो की शेत गहाण टाकणारा बाप, सगळे उड्डाणाचे दोनशे तास मोजून पैसे देतात. त्या आराखड्यात अजून शंभर तास धरा, नुसते बोलण्याचे: गटात बसून असहमत होण्याचे, स्वतःची चूक दहा जणांसमोर सांगण्याचे, ज्येष्ठ प्रशिक्षकाला आकडा दाखवून अडवण्याचे. त्याला इंधन लागत नाही, धावपट्टी लागत नाही. ते नागपूरला सुरू करण्याचीही गरज नाही. लोणारच्या कुठल्याही शाळेत आठवीच्या वर्गात, येत्या जूनपासून करता येतील.